घर घाटाखाली हवं

शनिवारी सकाळी मालवणच्या समुद्रात दोन डाइव्ह, किनाऱ्यावर सुरमईचं ताट, दुपारी मोटारसायकल काढून सावंतवाडीमार्गे आंबोली आणि रविवारी दिवसभर घाटमाथ्यावरच्या लाल मातीत उंडारणं. स्कूबा आणि डर्ट बाइकिंग हे दोन्ही नाद एकाच माणसाला लागले की हा बेत पहिल्या दमात सुचतो. कागदावर तो झकास दिसतो, कारण सगळं अंतर शंभर किलोमीटरच्या आत बसतं. तरीही हा बेत माणसाला लुळं करू शकतो आणि त्यात रस्त्यातल्या वळणांचा काहीही दोष नसतो.

दोष नायट्रोजनचा. पाण्याखाली दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि सिलिंडरमधल्या हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, सांध्यांत जास्तीचा विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, पण त्याला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात माणूस उंचावर गेला तर बाहेरचा दाब कमी होतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. त्रास कधी खांद्याच्या दुखण्यावर भागतो, कधी पायांतली ताकद जाण्यापर्यंत पोचतो. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा विमानप्रवासाबाबतचा सल्ला सगळे डाइव्हर पाठ म्हणून दाखवतात: एकच साधा डाइव्ह झाला असेल तर किमान 12 तास थांबा, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास, आणि वर येताना डीकंप्रेशनसाठी थांबावं लागलं असेल तर त्याहूनही बरंच जास्त. हा सल्ला 610 ते 2,438 मीटर उंचीइतका हवेचा दाब गृहीत धरून दिलेला आहे, हे मात्र थोड्यांच्या लक्षात राहतं. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. विमानानं गेलो की घाटानं, याची शरीराला काही पडलेली नसते.

दोन्ही छंदांना सोयीचं गाव शोधणारे लोक नकाशा उघडतात आणि समुद्र ते डोंगर अंतर मोजत बसतात. आधी पाहायची ती उंची. डाइव्ह करून घरी परतताना डोंगर चढावा लागणार की नाही, या एका प्रश्नावर निम्मी यादी गळून पडते.

बेंगळुरूचं उदाहरण घ्या. डर्ट बाइकसाठी देशात याहून चांगलं शहर सापडणं कठीण. डकार रॅलीत उतरलेला पहिला भारतीय सी. एस. संतोष तिथलाच. 2015 साली तो ती रॅली पूर्ण करून छत्तिसावा आला आणि पुढे कोलारजवळ त्यानं बिगरॉक डर्टपार्क उभं केलं. तिथं शिकवणारे आहेत, ट्रॅक आहे, भाड्यानं बाइक मिळते. समुद्रासाठी पुदुच्चेरी गाठायचं म्हटलं तर तीनशे किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवारचा मामला. पण बेंगळुरू नऊशे मीटरच्याही वर वसलेलं आहे. रविवारी सकाळी डाइव्ह करून रात्री घरी पोचलेला माणूस नियमाच्या बाहेरच असतो. त्याला शुक्रवारी रजा टाकून जावं लागतं, शनिवारी दुपारपर्यंत डाइव्ह उरकावे लागतात आणि रविवारी संध्याकाळी परतावं लागतं. जमतं, पण दर वेळी हिशेब मांडूनच.

बेळगावचंही तेच. गोवा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, भोवती माळ आणि जंगलाचे रस्ते भरपूर, मराठी बोलणारी वस्ती. पण गाव साडेसातशे मीटरच्या आसपास आणि वाटेत चोर्ला घाट. कोल्हापूर त्यापेक्षा सखल असलं तरी मालवणहून तिथं जायचं तर कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो. पुण्यात मोटोक्रॉसची परंपरा जुनी आहे, 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यतही तिथंच झाली. शिकायला, सुट्टे भाग मिळवायला, चांगला मेकॅनिक गाठायला पुणं उत्तम. मात्र डाइव्ह करण्याजोगा समुद्र तिथून रात्रभराच्या प्रवासावर आहे.

उलट्या टोकाला अंदमान आणि लक्षद्वीप. पाणी स्वच्छ, प्रवाळ अव्वल, आणि बाइक घेऊन जायला जागाच नाही. अंदमानात रस्ता सोडला की राखीव जंगल लागतं, कुठं आदिवासींसाठी राखून ठेवलेला प्रदेश. लक्षद्वीपच्या बेटांवर तर चढच नाही.

मग उरतं काय? सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, आणि तीतही कुडाळ ते सावंतवाडी हा तुकडा. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर, सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर, आणि दोन्ही गावं घाटाच्या पायथ्याशी. दोन्हीकडे कोकण रेल्वेचं स्थानक, गोव्यातल्या मोपाचा विमानतळ 2023 पासून सुरू. डाइव्ह करून घरी आलं तरी उंची जवळपास तीच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाइक काढायला हरकत नसते, फक्त चाकं घाटाकडे न वळवता सड्याकडे, म्हणजे कोकणातल्या उघड्या पठाराकडे, वळवायची.

समुद्राबद्दल आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. मालवण आणि तारकर्लीत पावलोपावली स्कूबाच्या पाट्या दिसतात. त्यांतल्या बहुतेकांचा अर्थ असा, की पोहता न येणाऱ्या पर्यटकालाही प्रशिक्षक धरून खाली नेणार, काही मिनिटं मासे दाखवणार, फोटो काढणार आणि वर आणणार. सहलीपुरतं ठीक. पण जो माणूस तिथं राहायलाच जाणार आहे, त्याला पंधरा मिनिटांच्या या फेरीचा दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल. त्यानं आधी प्रमाणपत्राचा कोर्स करावा. ओपन वॉटर पातळीवर 18 मीटरपर्यंत जाता येतं, त्याच्या पुढच्या ॲडव्हान्स्ड पातळीवर 30 मीटरपर्यंत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, ती याच कामासाठी. प्रमाणपत्र हातात आल्यावर प्रश्न बदलतात. अनुभवी डाइव्हरना सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडच्या खडकांवर नेणारी बोट कोणाकडे आहे? ती किती जण जमल्यावर सुटते? बोटीवर ऑक्सिजन असतो का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर दुसरा माणूस शोधावा.

पाण्याबाबत फार आशा ठेवू नये. मालवणात आणि गोव्यात ग्रँड आयलंडभोवती दृश्यता बऱ्याचदा तीन ते आठ मीटर असते, अंदमानातली निळाई इथं शोधायला जाऊ नये. गोव्यातल्या डाइव्हरांचं आवडतं ठिकाण म्हणजे ‘सुझीज रेक’ हे बुडालेलं जहाज. कमी दृश्यतेत ते एकदम समोर उभं ठाकतं, आणि कोणी मान्य करो न करो, त्यात एक मजा आहे. स्वच्छ पाण्याची हौस भागवायला खाली कर्नाटकात नेत्राणी बेट आहे. मुर्डेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे 19 किलोमीटर, पाणी खोल, आणि गोव्याच्या मानानं पुष्कळ नितळ. मुर्डेश्वरला कोकण रेल्वेचं स्थानक आहे. सगळा प्रवास किनाऱ्यालगतचा असल्यामुळे परतीच्या गाडीत बसताना घड्याळाकडे पाहावं लागत नाही. शिवाय नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं राज्य सरकारनं ठरवलं. असे प्रकल्प वेळापत्रकाला बांधील नसतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर घर घेऊ नये. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेच्या गोष्टीही कानावर पडतील. प्रवाळ तिथं अप्रतिम आहे, पण तो शनिवार-रविवारचा समुद्र नव्हे.

आता जमीन. कोकणातला सडा ही डर्ट बाइकसाठी विलक्षण जागा आहे. जांभ्याचं सपाट, उघडं पठार, मैलोन्मैल झाड नाही, दूरवर समुद्राची रेघ. डिसेंबरात कोरड्या जांभ्यावर टायरला जी पकड मिळते ती डांबरावरही मिळत नाही, मात्र हा दगड कानशीसारखा टायर खातो. खरी कसोटी कडेला असते, जिथं जांभा फुटून त्याच्या गोलसर गोट्या झालेल्या असतात. त्यांवर पुढचं चाक आपल्या मर्जीनं जातं. तिथं ब्रेक दाबणारा पडतो आणि उभं राहून, गुडघ्यांनी टाकी आवळून, हलका थ्रॉटल देत राहणारा पार होतो.

सड्याचा सगळ्यात मोठा धोका चिरेखाणींचा. घराच्या भिंतींसाठी चिरे काढून झाले की खाण तशीच उघडी पडून राहते. कडा करवतीनं कापल्यासारख्या सरळ, खोली माणसाला गिळेल एवढी. पावसानंतर कंबरेएवढं गवत माजतं आणि वीस पावलांवरूनही खड्डा दिसत नाही. त्यामुळे नवा सडा आधी पायी फिरावा, खाणी कुठं आहेत हे गुराख्याला विचारावं आणि मगच गाडी आणावी. पायी फिरण्याला दुसरंही कारण आहे. याच पठारांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोकणातली काही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांत मालवण तालुक्यातलं कुडोपी आहे, गोव्यातलं फणसाईमळही आहे. पण यादीत नसलेली, अजून मातीखाली झाकलेली कितीतरी आहेत, आणि नॉबी टायरचा एक गरका अशा कोरीव रेषेचं कायमचं नुकसान करू शकतो. सड्यावरची मळलेली गाडीवाट सोडून फिरण्याची हौस असलेल्यानं इथं येऊच नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

जंगलाबाबत तर चर्चाच नको. आंबोली, दोडामार्ग, तिलारी या पट्ट्यात वाघाचा वावर आहे आणि तिलारीला 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे. ओढ्यातून पाणी उडवत बाइक नेण्याचा मोह रायडरना फार. पण आंबोलीत हिरण्यकेशीच्या पाण्यात माशाची एक नवी प्रजात सापडली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली, यावरून इथल्या ओढ्यांत काय दडलेलं असू शकतं याची कल्पना यावी. देवराईच्या आसपास तर इंजीन बंद करून गाडी ढकलत नेण्याइतकं तारतम्य असावं. गावाचा रोष ओढवून घेतलेल्या माणसाला कोकणात दूधवालाही भेटत नाही.

मग रोजचा सराव कुठं करायचा? भात कापून झाल्यावर कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, मोकळे होतात. एखाद्या शेतकऱ्याला भाडं देऊन दोन-तीन कुणगे घ्यावेत आणि त्यांत स्वतःची छोटी फेरी आखावी: आठाच्या आकाराची वळणं, एक ओंडका, एक उतार, थोडी सैल माती. मेर फोडायची नाही, ती पुन्हा घालायला माणसं मिळत नाहीत. परवानगी घेताना एकाच नावावर विसंबू नये. कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असतात, निम्मी मुंबईत राहतात, आणि एकानं हो म्हटलं म्हणून दुसरा गप्प बसेल असं नाही. सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवलं की पुढची कटकट टळते. हो, आणि मूळ सायलेन्सर काढू नये. कायद्यानंही तो गुन्हाच आहे, आणि आवाज हेच गावच्या पहिल्या तक्रारीचं कारण असतं.

बाइक कुठली घ्यावी यावर घराची निवड थोडीफार अवलंबून आहे. केटीएमची एसएक्स किंवा कावासाकीची केएक्स या मालिकांतल्या अस्सल मोटोक्रॉस बाइकची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. त्या पिकअपवर घालूनच न्याव्या लागतात, म्हणजे पिकअप, तो उभा करायला अंगण आणि चढवायला फळी हे सगळं आलं. सड्यापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्याला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. 2019 पासून मिळणारी हीरोची एक्सपल्स किंवा अलीकडे आलेली केटीएमची 390 एंड्युरो आर यांसारखी नंबर प्लेट असलेली गाडी पुरे होते. घरून निघायचं, वाट धरायची, परत यायचं. डकारमध्ये 2024 साली रॅली-2 गटात पहिला आलेला हारिथ नोआ हा केरळातल्या शोरनूरचा. मोठा ट्रॅक असलेल्या महानगरातच राहिलं पाहिजे असं काही नाही, एवढं त्यावरून कळतं. विम्याचे कागद मात्र नीट वाचावेत. वाहनविम्यात शर्यती वगळलेल्या असतात, आणि आरोग्य किंवा अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात.

पावसाळ्याचे चार महिने काय करायचं, हा प्रश्न या पट्ट्यात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मे महिन्याच्या अखेरीस जलक्रीडा बंद होतात, समुद्र खवळतो, बोटी वर ओढल्या जातात. प्रमाणपत्रधारक डाइव्हरचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. जमिनीवरही जून-जुलैत जांभ्यावर शेवाळ धरतं आणि डिसेंबरात पकड देणारा तोच सडा बर्फासारखा निसरडा होतो. थोडक्यात, दोन्ही छंद एकाच वेळी झोपी जातात. पुदुच्चेरीसारख्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, त्यामुळे ज्याला पावसाळ्यातही पाण्याखाली जायचंच आहे त्यानं तिकडची एक फेरी ठरवून ठेवावी. बाकीचा वेळ इंजीन खोलण्यात, श्वासासाठीचा रेग्युलेटर सर्व्हिसिंगला पाठवण्यात आणि पोहण्याचा दम वाढवण्यात घालवावा. हे वेळापत्रक ज्याला खुपतं, त्याला कोकण कधीच पुरं पडणार नाही.

घर पाहताना खोल्यांपेक्षा मागचं अंगण आधी पाहावं. डर्ट बाइक आणि स्कूबा या दोन्ही छंदांना गोडं पाणी भरपूर लागतं. एकाचा चिखल धुवायचा, दुसऱ्याचं मीठ. आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कित्येक विहिरी तळ गाठतात. घरमालक जानेवारीत विहीर दाखवेल तेव्हा ती तुडुंबच असणार. शेजाऱ्याला मे महिन्यातली गोष्ट विचारावी. धुण्याच्या जागा दोन हव्यात. तांबड्या मातीची धूळ इतकी बारीक असते की प्रत्येक फेरीनंतर बाइकचा फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून बसवावा लागतो. तीच धूळ रेग्युलेटरच्या झडपेत शिरली तर पाण्याखाली त्रास देते. रेग्युलेटर धुताना डस्ट कॅप घट्ट बसलेली असावी आणि पर्जचं बटण दाबू नये, नाहीतर पाणी उलट आत जातं. वेटसूट सावलीत वाळवायचा, म्हणजे पडवी लागते. जुलैत बूट, हातमोजे, जॅकेट सगळ्यावर बुरशी येते, म्हणून एक खोली हवेशीर आणि शक्यतो माडीवरची असावी. सिलिंडर विकत घेण्याच्या फंदात पडू नये. तो भरायला कंप्रेसर लागतो, ठरावीक काळानं तपासणी लागते, आणि डाइव्ह सेंटरवर तो मिळतोच.

समुद्राला लागून घर घेण्याचा मोह होतो. तारकर्लीच्या वाळूत उभं राहून तो होणारच. पण खाऱ्या वाऱ्यात बाइकच्या तारा, साखळी, बोल्ट वर्षभरात गंजून बसतात. वीस-तीस किलोमीटर आत राहणाऱ्याची गाडी जास्त टिकते, आणि डाइव्हसाठी तेवढं अंतर सकाळी चाळीस-पन्नास मिनिटांत कापता येतं. शिवाय किनाऱ्यालगत बांधकामावर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. 2019 च्या नियमांनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम सहसा करता येत नाही. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात खरेदीदार शेतकरी असावा लागतो. हे सगळं पाहता पहिलं वर्ष भाड्यानं काढणंच शहाणपणाचं, आणि करार जूनमध्ये सुरू करावा. डिसेंबरात कोकण कोणालाही आवडतं.

शरीराचा विषय उरलाच. डर्ट बाइकवरून पडणाऱ्याचं सगळ्यात जास्त मोडतं ते गळपट्टीचं हाड, त्यानंतर मनगट आणि बरगड्या. हाड जुळतं, पण बरगडी फुप्फुसात घुसून छातीत हवा साठली तर डाइव्हिंगला मोठाच अडथळा येतो. वर येताना फुप्फुसात अडकलेली हवा दाब कमी होताच फुगते, आणि जखमी झालेल्या फुप्फुसाला ते झेपेल याची खात्री नसते. डाइव्हिंगच्या वैद्यकीय प्रश्नावलीत छातीच्या शस्त्रक्रियेची, अशा हवा साठण्याची आणि गेल्या पाच वर्षांत डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का याची विचारणा असते. तिथं ‘नाही’ लिहून मोकळं होणारे पुष्कळ. म्हणून छातीचं कवच आणि चांगलं हेल्मेट हा खर्च डाइव्हिंगच्याच खात्यात टाकावा. 2021 च्या डकारमध्ये संतोष पडला तेव्हा डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावं लागलं होतं, आणि तो तर निष्णात.

रुग्णालयांचा विचार घर ठरवण्याआधी करावा. सिंधुदुर्गातले गंभीर अपघाताचे रुग्ण वर्षानुवर्षं गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवले जातात. सावंतवाडीकर या बाबतीत मालवणकरापेक्षा सुदैवी. डीकंप्रेशनचा त्रास झाला तर गोष्ट वेगळी. आधी शुद्ध ऑक्सिजन, आडवं झोपवणं, पाणी, आणि लगेच डाइव्हिंगच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं. उपचारासाठी दाबकक्ष लागतो. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात तो आहे. कुठं न्यायचं ते डॉक्टर सांगतील, पण जवळचं मोठं शहर म्हणून कोणी घाईघाईनं घाट चढवून कोल्हापूरला नेऊ लागला तर त्याला थांबवावं. हा सगळा क्रम एका कागदावर लिहून फोन नंबरांसह शेडच्या दारामागे चिकटवून ठेवावा.

कोकणात बस्तान हलवणं ज्याला नोकरीमुळे शक्य नाही, पण जो आखातात आहे, त्याच्यासाठी हाच हिशेब दुबईत आणखी सोपा सुटतो. तिथं मराठी माणसं हजारोंनी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना आपण दोन्ही छंदांच्या मधोमध राहतो याचा पत्ताच नसतो. अल बदायर आणि म्लेहाच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून तासाभरावर. पूर्वेला फुजैराचा किनारा साधारण दीड तासावर. तिकडे दिब्बा रॉक, मार्टिनी रॉक, स्नूपी आयलंड अशी डाइव्हची ठिकाणं आहेत, आणि मुद्दाम बुडवलेली इंचकेप नावाची जहाजंही. हंगाम कोकणापेक्षा वेगळा बसतो. वाळूत बाइक ऑक्टोबर ते एप्रिल, कारण उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. समुद्र मात्र बारा महिने उघडा, हिवाळ्यात पाणी 22-23 अंशांपर्यंत थंड होतं आणि उन्हाळ्यात तिशीच्या वर जातं. उन्हाळ्यात बाहेर पडवत नसेल तर 2021 साली सुरू झालेला 60 मीटर खोल डीप डाइव्ह दुबई हा तलाव आहे. वाळूत एकट्यानं जाऊ नये. टेकडीच्या माथ्यावरून पलीकडचं दिसत नाही आणि समोरून चारचाकी येत असू शकते, म्हणून बाइकवर उंच झेंडा लावतात. दिब्ब्याला डाइव्ह करून जेबेल जैसवर सूर्यास्त पाहायला जाणारे हौशी असतात. तो डोंगर 1,934 मीटर उंच आहे आणि वर जाणारा रस्ता इतका सुरेख आहे की कोणाला शंकाही येत नाही. तो सूर्यास्त दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावा.

कोकणातच जायचं ठरलं तर पाहणीच्या दोन फेऱ्या कराव्यात. पहिली मे महिन्याच्या मध्यावर: विहीर, उकाडा, डाइव्ह सेंटरची बोट आणि सड्यावरच्या खाणी तेव्हा उघड्या दिसतात. दुसरी जुलैत, भर पावसात: वीज किती वेळ जाते, इंटरनेट तगतं का, अंगणात पाणी साचतं का, आणि पिकअप घरापर्यंत पोचते की वाटेतच रुतते, हे तेव्हाच कळतं. अनामत देण्याआधी शेडच्या दाराची रुंदी टेपनं मोजून घ्यावी. डर्ट बाइकचा हॅंडलबार आठशे मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि जुन्या कोकणी घरांची दारं त्याच्यासाठी केलेली नसतात.